मुहूर्त जमिनीला विचारा

शेतकऱ्याच्या घरी कोणतेही काम निघाले की आधी पंचांग पाहावयाचे, ही खोड मोडण्यासाठी सत्यशोधकांनी १८७३ पासून हाडाची काडे केली. लग्नाला भटजी नको, घरभरणीला नको आणि नांगर धरण्याला तर मुळीच नको, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी गावोगाव जलसे करून सांगितले. पुष्कळांनी ते ऐकलेही. परंतु एक मुहूर्त मोडला आणि दुसरा मानगुटीस बसला. आज नागपूर जिल्ह्यातला शेतकरी नांगरणीचा दिवस भटजीस विचारीत नाही, तो ट्रॅक्टरवाल्यास विचारतो. ज्या दिवशी ट्रॅक्टर मोकळा, तोच शुभ दिवस! जमीन ओली आहे की कोरडी, तिला यंदा नांगराची गरज आहे की नाही, हे विचारणारा कोणी उरला नाही. ज्या काळ्या आईच्या पोटात फाळ घालावयाचा, तिचे मत घेण्याची चाल आमच्यात पूर्वी होती. तिला वाफसा पाहणे म्हणत. ती चाल आता उठत चालली आहे, आणि तिच्याबरोबर जमिनीचा कसही उठत चालला आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. जितकी नांगरणी जास्त तितके पीक जास्त, हा समज खोटा आहे. नांगरणी किती करावयाची, किती खोल करावयाची आणि कोणत्या दिवशी करावयाची, हे मातीची घडण पाहून ठरले पाहिजे. आणि ते ठरविण्याचा अधिकार ज्याच्या घरची चूल त्या जमिनीवर पेटते त्याच्याच हाती राहिला पाहिजे. हा अधिकार आज कसा हातचा गेला व तो परत कसा घ्यावयाचा, हेच आजच्या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम घडण म्हणजे काय ते पाहू. माती म्हणजे नुसता भुगा नव्हे. विटांचा ढीग आणि विटांचे घर यांत विटा त्याच असतात; पण माणूस राहतो तो घरात, कारण घराला खोल्या असतात, दारे असतात. मातीचेही तसेच आहे. चांगल्या जमिनीत बारीक कण एकमेकांस चिकटून त्यांचे रवे बनतात आणि रव्यारव्यांमध्ये पोकळ्या राहतात. मोठ्या पोकळीतून पावसाचे पाणी खाली उतरते व हवा खेळते. बारीक पोकळी ओल धरून ठेवते. ह्या रव्यांना सांधणारा डिंक कुजलेल्या काडीकचऱ्यातून, शेणखतातून, मुळांच्या पाझरातून, बुरशीच्या तंतूंतून आणि गांडुळाच्या विष्ठेतून मिळतो. गांडुळाचे हे गवंडीकाम चार्लस डार्विन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८१ साली स्वतंत्र ग्रंथ लिहून जगापुढे मांडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८३ साली, आमच्या जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. डोंगरावरचा पालापाचोळा व मेलेल्या जीवजंतूंचे सत्त्व पावसाबरोबर शेतात येऊन जमीन कशी सकस होते, आणि ते वाहून जाऊ नये म्हणून जागोजाग ताली-बंधारे का बांधले पाहिजेत, हे त्यांनी त्यात लिहून ठेवले आहे. तेव्हा मातीचा प्रश्न हा आमच्या चळवळीला आजच सुचलेला नाही. सारा, कर्ज आणि माती ह्या तिन्ही गोष्टी जोतीरावांनी एकाच पोथीत बांधल्या होत्या. मागून आम्ही सारा व कर्ज यांवर बोलत राहिलो आणि मातीचे पान तेवढे उलटायचे राहून गेले.

वाचकांनी आमच्या शब्दावर विश्वास ठेवू नये, स्वतः पाहावे. बांधावरची, जिथे वर्षानुवर्षे नांगर गेला नाही अशा जागची, लिंबाएवढी दोन वाळलेली ढेकळे घ्या. शेताच्या मधली तेवढीच दोन घ्या. घरात पाण्याचे दोन पेले भरा आणि एकात बांधाची व दुसऱ्यात शेताची ढेकळे अलगद सोडा. बहुधा असे दिसेल की बांधाचे ढेकूळ पुष्कळ वेळ आपला आकार धरून राहते, आणि शेताचे ढेकूळ बसल्या बसल्या फुटून त्याची राब होते. माती तीच आणि ऊनपाऊसही तोच; फरक एवढाच की एकीचा डिंक शाबूत आहे व दुसरीचा संपला आहे. पेल्यात जे झाले तेच मृगाच्या पहिल्या सरीने शेतात होते. रवे फुटतात, बारीक गाळ पोकळ्यांच्या तोंडाशी बसतो, वर पापडी धरते, आणि पाणी आत शिरण्याऐवजी नाल्याची वाट धरते. (अकोला-अमरावतीकडील पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात ढेकूळ क्षारामुळेही विरते, तेथे एकट्या नांगरास दोष देऊ नये.)

पाणी नाल्याला गेले तर काय बिघडले, असे शहरातला एखादा विद्वान विचारील. त्यास हिशेब दाखवू. एक इंच पाऊस एका एकरावर पडला म्हणजे सुमारे १ लाख लिटर पाणी पडले. नागपूरकडे वर्षाला सरासरी १,००० मिलिमीटरच्या वर, म्हणजे चाळीस इंचांहून अधिक पाऊस होतो. तरीही सप्टेंबरात पंधरा दिवस उघडीप पडली की सोयाबीन माना टाकते आणि कपाशीची पाते गळतात. पाऊस कमी पडत नाही. पडलेला पाऊस जमिनीच्या पोटात साठत नाही. आणि पाण्याबरोबर माती जाते. एकरावरून एक मिलिमीटर जाडीचा थर धुऊन गेला, जो डोळ्याला दिसणारही नाही, तर पाच टनांहून अधिक माती गेली. असा इंचभर थर बनावयास शेकडो वर्षे लागतात. कर्ज माफ होऊ शकते. गेलेली माती कोणतेही सरकार परत आणून देऊ शकत नाही.

आता आमच्या मुलखाच्या जमिनीचा स्वभाव पाहा. जिल्ह्याच्या पश्चिमेस, काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या बाजूला, पुष्कळ जमीन काळी, कपाशीची आहे. तिच्यातली चिकणमाती भिजली की फुगते व वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हातहातभर खोल भेगा पडतात, वरची रवाळ माती त्या भेगांत पडते, पावसाळ्यात भेगा मिटतात आणि आतली माती दाबाने वर सरकते. म्हणूनच काळी जमीन आपली नांगरणी आपणच करते असे म्हणण्याचा प्रघात पडला. आमच्या वऱ्हाड-नागपूरच्या शेतकऱ्याचे खरे अवजार नांगर नसून वखर होते, त्याचे कारण हेच. वखराची पास चार बोटे खालून जाते, तण मुळाशी कापते, भेगांची तोंडे बुजवते आणि वर मोकळ्या मातीचे पांघरूण घालते. खालची घडण मात्र मोडीत नाही. नांगर काढावयाचा तो कुंदा किंवा हरळी माजली तर, तोही काही वर्षांतून एकदा. ह्यात अडाणीपणा नव्हता. पिढ्यान् पिढ्या पाहून शिकलेली ती विद्या होती, फक्त ती कोणी पुस्तकात लिहिली नाही म्हणून तिला विद्या म्हणावयास कोणी तयार नव्हते.

पण जुने ते सर्व सोने, असेही आम्ही म्हणणार नाही. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते ह्या समजापायी तो कोणी घेईना. पहिले काही नांगर विकावयास त्यांना दोन वर्षे लागली म्हणतात. तो समज खुळा होता व तो मोडला हे उत्तम झाले. परंतु आता त्याच्या उलटे खूळ डोक्यात शिरले आहे. लोखंड जितके खोल जाईल तितके पीक वर येईल, आणि ज्याचे शेत पिठासारखे दिसेल तो खरा शेतकरी! माघात नांगरणी, चैत्रात मोगडणी, वैशाखात रोटाव्हेटर, पेरणीआधी पुन्हा रोटाव्हेटर. शेजाऱ्याने दोनदा फिरविला म्हणून आपण तीनदा. लग्नातल्या मानपानाचे वेड आम्ही शेतात नेऊन ठेवले आहे.

ह्या खुळाला जोर येण्याचे एक कारण आहे, ते नीट समजून घ्यावे. खोल नांगरल्यावर पहिल्या एक-दोन वर्षी पीक खरोखरच तरारून येते. का? तर माती उलथली की तिच्यात हवा भरते आणि जमिनीत साठलेले कुजके द्रव्य जंतू भराभर खाऊ लागतात. त्यातून नत्र मोकळे होते व ते पिकास मिळते. पण हे मिळाले कोठून? घरातले सोने मोडून दिवाळी साजरी करावी तसे हे झाले. आजोबा-पणजोबांनी शेणाच्या पाट्या वाहून जी ठेव जमिनीत ठेवली, तिचे मुद्दल आपण काढले आणि त्यालाच व्याज समजलो. ठेव संपली की डिंक संपला, डिंक संपला की रवे फुटले, आणि मग तेच पीक काढावयास दरसाल एक पोते खत जास्त लागू लागले. मातीत कार्बन अर्धा टक्क्याच्या खाली गेला म्हणजे ती जमीन ह्या बाबतीत कंगाल समजतात. विदर्भातील पुष्कळ जमिनी आज त्याच्या आसपास किंवा खाली आल्या आहेत.

हे मुद्दल खाण्याचे फळ जगाने पाहिले आहे. अमेरिकेतील मधल्या मैदानात गोऱ्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षांचे गवत नांगरून गहू पेरला. काही वर्षे कोठारे भरली. मग १९३० नंतरच्या दशकात अवर्षण आले आणि भुगा झालेली माती वाऱ्यावर उडाली. दिवसा अंधार पडला, आणि लाखो माणसे घरेदारे सोडून परागंदा झाली. तेथल्या सरकारला १९३५ साली जमीन राखण्याचा कायदा करावा लागला. त्याच देशातल्या एडवर्ड फॉकनरने १९४३ साली नांगरालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे पुस्तक लिहिले. आमची काळी माती तशी वाऱ्यावर सहज उडणारी नाही. ती पाण्याने जाते, गुपचूप जाते, म्हणून आमचे डोळे उघडत नाहीत.

दुसरे नुकसान वजनाचे. ट्रॅक्टर दोन टनांच्या घरातला. कोरड्या जमिनीवर त्याचा भार पुष्कळसा सोसतो. पण चिकणमाती ओली असता त्याचे चाक तिच्यावरून गेले, तर पोकळ्या चिरडल्या जातात आणि ओल्या मातीवर घासत जाणारा फाळ खाली लिंपण करीत जातो. रोटाव्हेटर तर दरसाल त्याच खोलीवर फिरतो. वर पीठ, आणि बोट-दीडबोट कमी-जास्त त्याच खोलीवर तव्यासारखा घट्ट थर! पावसाळ्यात पाणी ह्या तव्यावर तुंबते, मुळांना हवा मिळत नाही आणि तूर उभ्या उभ्या वाळते. पावसाने ताण दिला की उलटे होते. कपाशीचे सोटमूळ तव्यापर्यंत जाऊन आडवे वळते, आणि खाली ओल असून झाड तहानलेले राहते. कपाशीचे झाड उपटून पाहा. मूळ सरळ गेले असेल तर जमीन ठीक. कोपरासारखे वाकले असेल तर तवा बसला आहे. अतिवृष्टी व अनावृष्टी दोन्ही वेळा मरतो तो तवा बसलेल्या शेताचा मालक, आणि दोष लागतो नशिबाला.

जमीन नीट वागवली तर केवढा फरक पडतो, त्याचाही दाखला आहे. हैदराबादेजवळ पाटनचेरू येथे १९७२ साली आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्था निघाली. तिने १९७६ पासून आमच्यासारख्याच काळ्या जमिनीवर दोन तऱ्हा शेजारी शेजारी चालविल्या. एकीकडे जुनी तऱ्हा, म्हणजे पावसाळाभर पडीक आणि रब्बीचे एक पीक. दुसरीकडे उतार पाहून पाडलेले रुंद वरंबे व सऱ्या. वरंब्यावर चाक फिरकू द्यावयाचे नाही. पीक निघताच जमिनीत ओल असतानाच हलकी मशागत. तुरीसारख्या द्विदल पिकाची सोबत आणि बेताचे खत. तीस वर्षांची सरासरी पाहता जुन्या तऱ्हेने हेक्टरी १.१ टन धान्य आले आणि सुधारलेल्या तऱ्हेने ५.१ टन, म्हणजे एकरी साडेचार क्विंटलच्या जागी वीस क्विंटल. वाहून जाणारे पाणी वर्षाला सुमारे २२० मिलिमीटरवरून ९१ वर आले, आणि माती हेक्टरी सहा टनांहून अधिक जात होती ती दीड टनाच्या आसपास राहिली. हा सारा चमत्कार एकट्या मशागतीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. बी, खत, पीकफेर यांचाही त्यात वाटा आहे. पण अडविलेले पाणी तेवढे पाहा. एकरी पाच लाख लिटर! पाणी आधी जमिनीत राहिले, मग बी आणि खत कामास आले.

तर मग हे सर्व ठाऊक असून शेतकरी करीत का नाही? येथे आम्ही मुद्द्याच्या गाभ्याशी येतो. शेतकरी मूर्ख आहे म्हणून नव्हे, तर तो परस्वाधीन आहे म्हणून. दोन-तीन एकरांच्या धन्याला ट्रॅक्टर परवडत नाही. तो भाड्याने आणावा लागतो. भाड्याचा ट्रॅक्टर आधी मोठ्या बागायतदाराकडे, मग ज्याचे पैसे रोख त्याच्याकडे, आणि सरतेशेवटी आमच्या गरिबाकडे. तोवर वळवाचा पाऊस होऊन गेलेला असतो. आज नको म्हणावे तर पुन्हा पंधरा दिवस पाळी नाही. म्हणून ओल्यात फाळ घालावा लागतो. ट्रॅक्टरवाल्याचा तरी काय दोष? त्याच्या डोक्यावर हप्ता आहे. त्याला एकरामागे पैसे मिळतात, मातीच्या रव्यामागे मिळत नाहीत. जितक्या पाळ्या जास्त तितकी त्याची मिळकत. तो तुम्हांस एक पाळी कमी करा असे का सांगेल? अशा रीतीने मशागतीचा खर्च वाढतो, तो भागवावयास कर्ज निघते, आणि जमीन बिघडविण्यासाठीच शेतकरी व्याज भरीत बसतो. सावकाराने जमीन लिहून घेतली तर ती निदान कागदावर जाते. ही जमीन कागदावर आमची राहते आणि पायाखालून जाते.

ह्यात केवळ कुणब्याचे नुकसान झाले असे नाही. वखर, डवरा, तिफण गावचा सुतार घडवी आणि पास-फाळ गावचा लोहार पाजवी. कोणत्या शिवारात पास किती आत गेली पाहिजे, भारी जमिनीस कोणती आणि हलकीस कोणती, हे ज्ञान ऐरणीवर व रंध्याखाली होते. बैल गेला तेव्हा शेण गेले, सुताराचा धंदा गेला, लोहाराचा भाता विझला, आणि गावचा पैसा तेलपंपाकडे व दूरच्या कारखान्याकडे वाहू लागला. नागपुरात तान्ह्या पोळ्याला लेकरे लाकडी बैल मिरवतात. आजचा रंग पाहता पुष्कळ गावांत तो लाकडी बैल तेवढा उरेल आणि मोठा पोळा चित्रात राहील! गेलेले सर्व परत आणा, असे आमचे म्हणणे नाही. बैल पोसणे आज किती जड आहे ते आम्हांस ठाऊक आहे. पण गावच्या अवजारविद्येला गावाबाहेर काढण्याची काही गरज नव्हती.

आणि विद्येचा विषय निघालाच आहे, तर आमच्या शहराकडे पाहा. जमिनीच्या विद्येत नागपूर हे काही लहानसहान ठिकाण नव्हे. महाराजबागेजवळचे कृषी महाविद्यालय १९०६ सालचे. साऱ्या देशाच्या मातीची पाहणी करणारा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो येथेच आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ सालापासून येथेच आहे. एवढे विद्येचे मळे शहराच्या वेशीवर असता दहा कोसांवरच्या शेतकऱ्यास आपल्या शेतात तवा किती खोल आहे हे माहीत नसावे, ह्याला काय म्हणावे? पूर्वी विद्या संस्कृतात कोंडली होती. आता ती इंग्रजीत कोंडली आहे. कुलूप बदलले, कोठडी तीच! २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिका निघाली. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, सामू, कार्बन अशा बारा गोष्टी मोजतात. चांगले आहे. पण जमीन किती दडपली आहे, पाणी किती वेगाने आत जाते, ढेकूळ पाण्यात किती वेळ टिकते, ह्यांची त्या बारांत गणना नाही. वैद्याने रक्त तपासावे आणि मोडलेल्या हाडाकडे पाहू नये, तशी ही तऱ्हा आहे. त्यामुळे सल्ला मिळतो तो खताच्या पोत्याचा. एक पाळी कमी करा असा सल्ला कोणाच्या पत्रिकेवर छापून येत नाही.

काही मंडळी आता दुसऱ्या टोकास जाऊन सांगतात की नांगर अजिबात मोडून टाका, सर्व ठीक होईल. आम्ही एक पोथी जाळून दुसरी डोक्यावर घेणारे नव्हे. येथेही पुरावा पाहिला पाहिजे. २०१५ साली 'नेचर' ह्या शास्त्रीय साप्ताहिकात जगभरच्या ६१० अभ्यासांची छाननी प्रसिद्ध झाली. तिच्यात असे आढळले की नांगरणीविना शेतीत उत्पन्न सरासरीने ५.७ टक्के कमी येते. मात्र कोरड्या मुलखातील जिरायतीत, जेथे काडीकचरा जमिनीवर राखला व पीकफेर केली, तेथे ते ७.३ टक्के वाढते. नागपूर त्या मुलखांइतके कोरडे नाही, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा आपल्यास लावू नये. पण धडा स्पष्ट आहे. नांगर बंद केला आणि काडीला काडी लावली, तर हाती काहीच लागत नाही. शिवाय तणाचा प्रश्न राहतो. आज निंदणाचा भार आमच्या बायकांच्या कमरेवर आहे. नांगर टाकून तणनाशकाचा पंप उचलला तर विषाचा भार येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मेले, ते आम्ही विसरलो नाही. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. अशा शेतातल्या पऱ्हाट्या वेळीच काढणे आणि उन्हाळ्यात जमीन तापू देणे आवश्यक असते. कुंदा माजला असेल तरी नांगर लागतोच. स्वातंत्र्यानंतर काँस गवताने व्यापलेली मध्य हिंदुस्थानातील जमीन ट्रॅक्टरने मोडण्यासाठी १९४९ साली जागतिक बँकेचे कर्ज काढावे लागले होते. नांगर हे औषध आहे. रोग पाहून, मात्रा मोजून घेतले तर गुण. रोज जेवणासारखे घेतले तर विष.

उलट नांगराविना पेरणी ही काही परदेशातून आलेली नवलाई नाही. पूर्वेस रामटेक-मौद्याकडे आणि पुढे भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत धान कापण्यापूर्वी उभ्या पिकात, जमिनीत ओल असताना, लाखोळी व जवस फेकून देण्याची रीत आहे. धान कापले जाते आणि खालचे रोप त्याच ओलीवर वाढते. चिखलणी करून धानाची जमीन दडपलेली असते. ती वाळली तर दगड होते व नांगरली तर ढेकळे निघतात. म्हणून आमच्या धानकरी बांधवाने नांगर वगळूनच दुसरे पीक काढले. त्याला ह्यासाठी कोणी पदवी दिली नाही.

तेव्हा करावयाचे काय? आम्ही पाच गोष्टी सुचवितो. पहिली, वाफशावाचून फाळ घालू नये. जितके खोल नांगरावयाचे तितक्या खोलीची मूठभर माती काढा आणि तळहातावर तिची सुतळी वळा. सुतळी न तुटता वळली तर जमीन नांगरास ओली आहे, परत फिरा. वळता वळता तिचे तुकडे पडले तर वाफसा आला. दुसरी, खोल नांगरणी दरसाल नको. खुद्द शेतीखात्याचीच शिफारस सोयाबीनसाठी तीन वर्षांतून एकदा अशी आहे. पाऊस झाल्यावर लोखंडी सळई जमिनीत दाबून पाहा; कोठे अडत नसेल तर त्या वर्षीचे पैसे खिशात ठेवा. तिसरी, धसकटे व काडीकचरा जाळू नये. पसरावा किंवा कुजवावा. जाळतो तो कचरा नव्हे, मातीचा डिंक आहे. चौथी, सपाट पेरू नये. रुंद वरंबा पाडणारे यंत्र मिळाले तर उत्तम. न मिळाले तर पट्टापेर करावी आणि डवऱ्याला दोरी गुंडाळून सरी पाडावी. ह्याला कोणाचे अनुदान लागत नाही.

पाचवी गोष्ट एकट्यादुकट्याच्या हातची नाही. गावातल्या दहा-वीस लहान शेतकऱ्यांनी सोसायटी करून हलकी अवजारे व एखादा लहान ट्रॅक्टर सामाईक घ्यावा, आणि पाळी पैशावर न ठेवता वाफशावर ठेवावी. ज्याचे शेत आधी वाफशावर येईल त्याचे काम आधी. अवजारे घडविण्याचे व दुरुस्तीचे काम गावच्याच सुतार-लोहाराच्या मुलांस द्यावे. ती आज तालुक्याच्या गावी दुसऱ्याच्या दुकानात जोडकाम करीत आहेत. आणि ग्रामसभेत ठराव करून सरकारकडे मागावे की आमच्या शिवाराचा मातीचा नकाशा मराठीत, गट नंबरासह, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, आणि मृदापत्रिकेत जमिनीच्या घडणीचीही नोंद करा. नागपुरातल्या संस्था रयतेच्या पैशावर चालतात. त्यांचे ज्ञान मागणे ही भीक नव्हे, आपल्याच कणगीतला दाणा मागणे आहे.

बांधवहो, जोतीरावांनी आम्हांस शिकविले ते एवढेच की दुसऱ्याच्या डोळ्याने पाहू नका. भटजीच्या पोथीतून पाहू नका, साहेबाच्या कागदातून पाहू नका, आणि आता म्हणावे लागते की ट्रॅक्टरवाल्याच्या सोयीनेही पाहू नका. येत्या हंगामाच्या आधी घरच्या लेकरांस जवळ बसवून ते दोन पेले भरा, बांधाचे व शेताचे ढेकूळ त्यांत सोडा, आणि काय होते ते त्यांना पाहू द्या. जमीन त्यांच्या नावावर करून देण्याची घाई सर्वांना असते. ती कोणत्या स्थितीत त्यांच्या हाती जाणार, हेही त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिलेले बरे.